फळीची डावी बाजू

व्हिएतनामी सँडविचच्या त्या दुकानात लाकडी फळी एकच होती, पण तिला हद्दी दोन. उजवी बाजू बायकोची, डावी नवऱ्याची. गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं, काकडी, कोथिंबीर, मिरची बायको भरणार. डुकराचं भाजलेलं मांस, कलेजीचा लगदा, केळीच्या पानात बांधून उकडलेला मांसाचा रोल हे सगळं त्याचं. हिची सुरी चुकून डावीकडे सरकली की तो डोळे वटारायचा, "बाईसाहेब, आपापल्या हद्दीत!"

आपल्या उस्तादाकडून शिकलेली मांसाची कृती त्यानं हिलासुद्धा सांगितली नाही. विचारलं की म्हणायचा, "सांगेन की. मी कुठे पळून चाललोय?" आणि एका सकाळी, पाव भाजता भाजता, गेला.

धाकटी नणंद रोज येऊन बसू लागली. भावाचं दुकान बंद पडलेलं तिला बघवत नव्हतं.

"वहिनी, दादाची कृती नाही तर नाही. हल्ली लोक व्हीगन मागतात. मांसाशिवाय करून बघ ना."

मांसाचा वास हिला नकोसा झाला होताच, म्हणून ही तयार झाली. टोफू तळला, तर नणंद म्हणाली, "यापेक्षा चपलेचा तळ मऊ असेल गं." मशरूमचा लगदा दिसायला थेट कलेजी, चवीला ओला पुठ्ठा. कच्च्या फणसाचा रोल पान सोडताच पसरला. नणंद कपाळावर हात मारून घ्यायची. वहिनी तोंड पाडायची, पण मनातून तिला बरं वाटायचं. त्याच्यावाचून जमत नव्हतं. त्याची जागा रिकामी होती, म्हणजे अजून त्याचीच होती.

तरी हात काही स्वस्थ बसेनात. कृती ठाऊक नसली तरी इतक्या वर्षांची चव जिभेवर होती. तिनं मशरूम सोया सॉस, लसूण, गवती चहा आणि चक्रीफुलात मुरवले. माशाच्या सॉसऐवजी समुद्री शेवाळाचं पाणी घातलं. मग वर जड भांडं ठेवून, कडा करपेपर्यंत भाजले. पाव चिरला, आपली उजवीकडची भाजी भरली आणि डावीकडे हात नेला. कुणी अडवलं नाही.

नणंदेनं पहिला घास घेतला आणि चावायची थांबली. तिचे डोळे भरून आले.

"वहिनी, ही दादाच्या हातची चव गं."

"माझं मन राखू नका, वन्सं."

"तुझी शप्पथ! कडेचा करपट घाससुद्धा तोच. तूच खाऊन बघ."

तिनं खाल्लं. खोटं म्हणायला जागाच नव्हती. त्याचं पहाटे उठणं, भट्टीपाशी तासन् तास उभं राहणं, हातांवरचे चटके, यातलं काहीही नसताना ती चव तिथं होती.

नणंद रडत होती, हसत होती, नाक पुसत दुसरं सँडविच मागत होती. तिला भाऊ परत मिळाला होता.

"मिटली बघ काळजी! उद्याच उघडू या. दादावाचून काही अडलं नाही."

"हो ना," वहिनी म्हणाली. "काहीच अडलं नाही."

तिनं दुसरा पाव घेतला, पण तिला तो चिरता येईना. नवरा गेला असं लोक तिला इतके दिवस सांगत होते. तिच्यासाठी तो गेला तो आत्ता, आणि तेही तिच्याच हातून.