बॉनेटखालचा डबा

सायराबानूभाभींच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. सात-आठ ओळींचंच पत्र. त्यांचा नवरा, माझा मित्र बदरुद्दीन, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याच्या जुन्या फियाटच्या बॉनेटखाली पत्र्याचा एक डबा होता. तो कशाचा, हे जुन्नरात कुणाला सांगता येत नव्हतं. मुलगा अनस तो काढून टाकायचं म्हणत होता. ‘पण गाडी दारात थांबली की थोड्या वेळानं आतून पाणी प्यायल्याचा आवाज येतो. भाऊजी, तुम्ही रोज त्यांच्या शेजारी बसायचात. हा आवाज आधीपासून होता का?’

दवाखान्यात शेवटच्या दिवशी बदरुद्दीन पाणी मागत होता. ऑपरेशननंतर देऊ नका म्हणून सांगितलेलं, भाभींनी दिलं नाही. त्यामुळे त्या खरं काय विचारताहेत ते मला कळलं होतं. पण जुन्नर ते नारायणगाव, तो दुकानात आणि मी वाचनालयात, इतकी वर्षं त्या गाडीतून गेलो ते पुस्तकात डोकं घालूनच. आवाज ऐकल्याचं आठवेना. खोटं ‘हो’ लिहवेना, ‘नाही’ तर त्याहून लिहवेना.

निवृत्तीनंतर मी राजुरीला राहायला आलो होतो; शेवटी तिथून एसटीनं जुन्नरला गेलो. अनसनं गाडी फिरवून आणली, बॉनेट उघडलं.

“गेणभाऊ मिस्त्री म्हनला, हे कंपनीचं न्हाई. ज्यानं लावलं त्यालाच इचार,” अनस म्हणाला. “आता कुठं जाऊन इचारू, काका?”

भाभी उंबऱ्यात उभ्या होत्या. पुढे येत नव्हत्या.

इंजिन निवत गेलं. मग डब्यातून आवाज आला. घट, घट. थांबून आणखी एक. घसा कोरडा पडलेला माणूस पितो, तसा.

“ऐकलंत?” भाभी म्हणाल्या. “अजून तहान भागली न्हाई त्यांची.”

मी डब्याचं झाकण काढलं. तळाशी बोटभर पाणी, त्यात अर्धवट बुडालेली रबरी नळी. नळीचं दुसरं टोक रेडिएटरला. गाडी तापली की उतू जाणारं पाणी या डब्यात साठत असावं, आणि निवताना रेडिएटर ते परत ओढून घेत असावा. पाणी कमी पडलं की हवेचे घोट. तर्क पटत होता. पण माझे तर्क मला सुरुवातीला नेहमीच पटतात.

झाकण लावताना तळवा गरम पत्र्यावर टेकला. बदरुद्दीनही बाजारात गाडी लावली की असाच बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचा. मी चला म्हटलं की म्हणायचा, “थांबा हो राव, हिचं पाणी पिऊन होऊ द्या.” मला ती थट्टा वाटायची. शब्द स्पष्ट आठवले. चेहरा आठवेना, कारण मी पुस्तकातून मान वर केलीच नव्हती.

भाभींसमोर यातलं काही बोलता आलं नाही. चहा घेऊन परत आलो.

घरी येऊन लिहिलं: ‘भाभी, आवाज आधीपासून होता. बदरुद्दीन तो थांबून ऐकायचा. डबा काढू देऊ नका. नळीचं तोंड बुडेल इतकं पाणी त्यात तुमच्या हातानं घाला. आवाज थांबेल.’

पाकिटावर सवयीनं बदरुद्दीनचंच नाव लिहिलं गेलं. ते खोडलं, भाभींचं लिहिलं आणि पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकलं.