उजवी पाकळी

ओली पाकळी आधी कडेने सुकते, मग तिचे टोक दगडापासून सुटते आणि मगच ती पडते. मुळगावच्या देवळात देवीच्या दगडी मूर्तीला डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावताना विनोदिनीने हे लहानपणापासून पाहिले होते. त्यात देवीची इच्छा किती आणि वाऱ्याची किती, हे मात्र तिने घरात कधी बोलून दाखवले नव्हते.

आज कौल जयरामकाकांचा होता. विहीर परसात खणायची का? डावी पाकळी पडली, म्हणजे नको. चतुर्थीनंतर खणली तर? पुन्हा डावी.

"बरं, माडापलीकडे?"

उजवी पडली. काकांनी समाधानाने हात जोडले.

मागे कृष्णनाथ सर हसत होते. विनोदिनीचे पीएचडीचे मार्गदर्शक, सुटीत गोव्यात आलेले. मूळचे पेडण्याचे, पण पुण्यात राहून गावाला हसायला शिकलेले.

"तुझो सर हासता कित्याक गो?" काकांनी विचारले.

"तुमच्या चिकाटीला, जयरामबाब," सरच म्हणाले. "हवं ते उत्तर मिळेपर्यंत प्रश्न बदलायचा! देवी तरी काय करणार बिचारी?"

विनोदिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. विश्वाच्या जन्मापासून उरलेल्या उबेचा, उपग्रहाने टिपलेला नकाशा या माणसाने चाळीस तऱ्हांनी तपासला होता. एकोणचाळीस वेळा आकाशात वावगे काही निघाले नाही. एकदा एक थंड डाग सापडला, आणि दोघांच्या नावाने लिहिलेल्या लेखात तेवढाच आला. तिने संगणकावर हजारो खोटी आकाशे रचून पाहिली होती. चाळीस प्रश्न विचारले की दर तिसऱ्या आकाशात असला एखादा चमत्कार निघतच होता. सरांनी ते पाहून "मेहनत चांगली आहे" म्हटले आणि कागद बाजूला सारले. पदवी त्यांच्या हातात, म्हणून तीही वर्षभर मूग गिळून बसली. स्वतःच्या त्या गप्प बसण्याचा तिला सरांइतकाच वीट आला होता.

काकांच्या डाव्या पाकळ्या निदान साऱ्या गावाने पाहिल्या होत्या.

"सोमवारी लेख पाठवतोय," पायरीवर चपला घालत सर म्हणाले. "तुझा होकार तेवढा राहिलाय."

"बाकीच्या चाचण्या लिहिणार?"

"काही सापडलं नाही, हे कोण छापतं गं? उगाच भटजीसारखी सोवळी होऊ नकोस."

देवळात काका पाकळी रुमालात बांधून घेत होते.

"मग माझं नाव काढा, सर," विनोदिनी म्हणाली. "पदवीचं काय व्हायचं ते होऊ दे."