आग्नेलचा दगड

नेव्हिलने टॅबवर बोट फिरवले. करडा ग्रॅनाइट, कडेने द्राक्षवेल.

"ह्यो पण बरो आसा," रोझालिनाआंटी म्हणाल्या. आधीच्या प्रत्येक नमुन्याला त्यांनी हेच म्हटले होते.

नवरा आग्नेल जाऊन वर्ष होत आले होते. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, फादर थडग्यांवर पाणी शिंपडतील तेव्हा त्याच्या थडग्यावर नाव कोरलेला दगड असावा, एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठी त्या तोंडवलीहून एसटीने सावंतवाडीच्या या दुकानात पुन्हा पुन्हा येत होत्या.

नेव्हिलचे वडील दुकान बघत तेव्हा अंगणात तीनच नमुने उभे असत. 'काळो की धवो की करडो?' एवढेच ते विचारत. हातातला चहा संपायच्या आत गिऱ्हाईक मोकळे होई. नेव्हिलने टॅब आणला. दगड, क्रूस, अक्षरे, किनार, हवे ते हव्याला जोडा.

"तूच सांग रे बाबा," आंटी म्हणाल्या.

"आंटी, तुमका आवडात तो. तुमचो माणूस."

गिऱ्हाइकावर आपली आवड लादू नये, असे तो शिकला होता.

"आग्नेलान एकच चेडू बघल्यान नि लगीन केल्यान," आंटी उठता उठता म्हणाल्या. "तेका दुसरे फोटो दाखवणारो तुझ्यासारखो कोण भेटलो नाय म्हणान."

नेव्हिल हसला. मग ऑक्टोबर लागला. दगड कोरायला पंधरवडा तरी हवा आणि आंटींचा निरोप नाही. इतर गिऱ्हाइकेही 'घराकडे इचारून येतंव' म्हणून गेलेली परतत नव्हती. त्याने तीन फोटो छापून घेतले आणि स्वतः तोंडवली गाठली.

आंटींनी फोटो बाजारात बांगडा बघावा तसे उलटसुलट करून बघितले.

"बाकीचे खंय गेले?"

"बाकीचे नकोत. ह्या तिनांतलो एक काढा."

"द्राक्षाच्या वेलीचो संपलो?"

"नाय, आसा."

"मगे लपवतंस कशाक?"

नेव्हिलने काळ्या दगडाचा फोटो पुढे सरकवला. "ह्यो घेवा. मी सांगतंय."

"आता सांगतंस," आंटी शांतपणे म्हणाल्या. "तेव्हा इचारलंय तर म्हणालंस, तुमचो माणूस. आता खंयचोव घेतलंय तरी वाटतला, आग्नेलाक दुसरो आवडलो असतो."

नेव्हिलने फोटो गोळा केले. दाखवलेले काही परत घेता येत नव्हते.

मृतांच्या दिवशी तो दुसऱ्या एका कुटुंबाचा दगड बसवून दफनभूमीतून निघाला, तेव्हा आंटी मातीच्या उंचवट्याशी बसलेल्या दिसल्या. लाकडी क्रूसावरचे आग्नेलचे नाव पावसाने अर्धे पुसले होते. फादर पाणी शिंपडून पुढच्या रांगेत गेले होते.

"टॅब हाडलंस?"

"नाय आंटी."

"मगे पिशवेत काय आसा?"

त्याने टॅब काढून दिला. आंटींनी मेणबत्त्यांचे मेण लागलेले हात पदराला पुसले आणि पहिल्या फोटोपासून सुरुवात केली.