बेतायची फळी

पेन्सिलीच्या आडव्या रेघा पुसल्या गेल्या, टिंबं मात्र जागची हलली नाहीत.

गिटारवाल्याने पोटाशी खोलगट असलेल्या ठोकळ्यावर नवा पॉलिशपेपर चढवला आणि पुन्हा लांब हात घेतला. भाचीच्या बेस गिटारचा हा फ्रेटबोर्ड, तारांखालची पट्टी. कडांना उतार, मध्ये अलगद फुगवटा, बोट ठेवलं की आपसूक घरंगळावं असा. उतारावरची टिंबं केव्हाच गेली होती. फुगवट्यावरची उरली. आणखी घासावं, तर पट्टी आधीच पातळ.

ही पट्टी ज्या शिसवी फळीतून कापली, तिच्यावर आई कपडे बेतायची. दातेरी चाक फिरे, टिंब उठे, टिंबामागे टिंब. गळ्याचा आकार कापडावर उतरे आणि खाली लाकडावरही. ताई तिच्या शेजारी बसून ते चाक धरायला शिकली. आई गेल्यावर ताईने घरातलं दुसरं काही मागितलं नाही, एवढी फळी मागितली. हा म्हणाला होता, "वाळवीनं खाल्ली गं." इतकं मुरलेलं लाकूड हातचं सोडवेना. त्याला बारा वर्षं झाली. फळी शेवटी ताईच्याच घरी जातेय, असं तो हल्ली मनाला समजावत होता. मन काही ऐकत नव्हतं.

"झालं का रे?" दारात ताईच उभी. "पोरीनं माझा जीव खाल्लाय. बघून ये, बघून ये."

"अजून खडबडीत आहे. हात नको लावूस."

"हात नको लावूस म्हणे. तुझं नाक पुसलंय या हातांनी."

तिने चष्मा वर सारला, पट्टीवर बोट ठेवलं. बोट सरकलं, थांबलं. मग एकेका टिंबावरून चालत गळ्याच्या वळणाने वळलं, पायाखालच्या वाटेने वळावं तसं.



"वाळवी नेटकी होती हो तुझी," ती म्हणाली. "ओळीनं खाल्लंय."

त्याने हातातला ठोकळा बाकावर ठेवला.

"बाकीची फळी?" तिने विचारलं.

"गेली. सहा गिटारींत." मग खालच्या आवाजात, "ताई, ही उतरवून देतो तुला."

"आणि पोरीला काय सांगू? वाळवी लागली म्हणून?"

त्याने ठोकळा उचलला, तशी तिने त्याचं मनगट धरलं. "राहू देत ती टिंबं."

फळीतला चार बोटं रुंद तुकडा बाकाखाली उरला होता. तिने तो उचलून पिशवी उघडली.

"थांब," तो म्हणाला. "कुसळ जाईल हातात."

तुकडा घेऊन तो चारही कडा घासत बसला. स्टूल समोरच होतं. ताई बसली नाही. पिशवीचं तोंड उघडं धरून उभी राहिली.