फोटोत तोंड दिसलं पाहिजे

सोनाळ्याचे अर्जुनराव रानडुकराला भिऊन हातातली बंदूक टाकून मचाणावर चढले, ही गोष्ट सोनाळ्यातच राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. पण अशा बातमीला कुठं एसटीचं तिकीट लागतं? ती पार पिंपळगाव राजाला, त्यांच्या सासुरवाडीला जाऊन पोचली. दिवाळीत सासऱ्यांनी, मोतीरामजींनी, भर पंगतीत विचारलं, "काय जवाईबुवा, मचाण मजबूत हाये ना?" सगळी पंगत खो-खो हसली. सासूबाईंनी, सोजराबाईंनी, तोंडाला पदर लावला. अर्जुनराव अर्धी पुरणपोळी ताटात टाकून उठले.

माणूस भित्रा नव्हता हो! त्या दिवशी ठासणीच्या बंदुकीची, बार पेटवणारी टोपी दवानं ओली झाली होती, बार उडालाच नाही आणि समोरून डुक्कर धावत येत होतं. मचाणावर नाही चढणार तर काय डुकराला रामराम घालणार? पण हे ऐकून घेतो कोण! गोष्ट पसरवली ती बांधाला बांध लागून असलेल्या हिंमतरावांनी. पारावर बसून मचाणावर चढायची अशी हुबेहूब नक्कल करायचे की म्हातारी माणसं हसून हसून खोकायची. दिवाळीपासून अर्जुनरावांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन नुकती कुठं दोन-तीन वर्षं झाली होती. सातपुड्याच्या पायथ्याशी पीक राखायला ज्यांना बंदुकीचं लायसन होतं, ते शेतकरी उन्हाळ्यात रान रिकामं झालं की सोनाळ्याबाहेर नेमबाजी भरवायचे. फळीचं रानडुक्कर करायचं, ते दोरीनं ओढायचं आणि पळत असताना त्याच्यावर गोळी मारायची. मागं मातीचा उंच बांध. सगळा कारभार जानरावांकडे. ते फॉरेस्टातून रिटायर झालेले गार्ड, आणि कायद्याला भलते कडक. चुन्याच्या रेघेपुढं कोणी पाऊल टाकायचं नाही. नेम धरलेल्या माणसाशी बोलायचं नाही. आणि दुसऱ्याच्या बंदुकीला हात तर लावायचाच नाही. लावला की तो गडी त्या वर्षापुरता बाद.

फोटोचा कायदा मात्र नव्हता. कारण गोळी मारताना आपला फोटो काढून घ्यावा, हे त्या मैदानावर आजवर कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आलं अर्जुनरावांच्या डोक्यात.

त्यांचा साळा शेषराव, म्हणजे मोतीरामजींचा एकुलता एक पोरगा, त्यानं खामगावात फोटो स्टुडिओ टाकला होता. अर्जुनरावांनी त्याला कॅमेऱ्यासकट बोलावून घेतलं. बंदूक खांद्याला, नळीतून धूर निघतोय, असा फोटो सासऱ्याच्या ओसरीत टांगायचा आणि मग पाहू मचाणाचं नाव कोण काढतं ते!

"मागून काढा, किती बी काढा," जानराव म्हणाले. "रेघेपुढं जायचं नाई."

अर्जुनरावांनी मान डोलावली आणि शेषरावला बाजूला घेतलं.

"मागून काढशीन तर पाठ दिसन. कोनाची पाठ हाये हे कोनाले समजते? तोंड दिसलं पाह्यजे. थो पयस पाह्य, डाव्या हाताले. तथी जाऊन बस."

"भाऊजी, थो तं रेघेच्या पुढं हाये. जानरावले इचारू का?"

"त्यात काय इचारायचं बे? डुक्कर उजवीकडून निघते. निघाल्याबरोबर मी बार उडवतो. नळी डावीकडं येतेच कायले?"

लोक चहाला पांगले होते. शेषराव कॅमेरा पोटाशी धरून पळसामागं जाऊन दडला. कोणाला पत्ता लागला नाही.

अर्जुनरावांचं नाव पुकारलं. त्यांच्यामागून हिंमतरावांची पाळी होती. यंदाचं बक्षीस, रानात राखणीला कामी पडणारी लांबलचक बॅटरी, ती हिंमतरावच नेणार यात कोणाला शंका नव्हती. त्यांचा नेम तसा होता. ते रेघेशी गप उभे राहिले, आणि अर्जुनरावांनी त्यांच्याकडं मुद्दाम पाठ केली.

बंदूक ठासली. टोपी चढवली, यंदा कोरडी ठणठणीत. आता कोणीही शहाणा माणूस डुकराकडं पाहील. पण आमचे अर्जुनराव पाहत होते ते पळसाकडं! छाती काढली. हनुवटी वर केली. मिशीवरून हात फिरवला. एवढ्यात दोरी ओढली आणि डुक्कर निघालं. दचकून त्यांनी एक डोळा मिटला, नेम धरला, तर ते निम्मं मैदान ओलांडून गेलेलं. आता ते सोडून द्यायचं की नाही? पण फोटो! नळी डुकरामागं फिरू लागली. उजवीकडून मध्ये, मधून डावीकडं. मिटलेल्या डोळ्याच्या बाजूला पळस आहे, पळसामागं माणूस आहे, हे सगळं त्या घडीला डोक्यातून पुसून गेलं होतं. डोक्यात फक्त डुक्कर आणि आपलं तोंड.

"मानूस हाये बे!"

ओरडणं आणि झेप एकदमच आली. कोणीतरी नळी पकडून खाली दाबली, आणि त्याच क्षणी बार उडाला. माती उसळली. धूर डोळ्यांत गेला. धूर हटला तेव्हा नळीला धरून हिंमतराव उभे होते, आणि समोर पळसाशी शेषराव पांढराफटक पडून मटकन खाली बसला होता. गोळीनं त्याच्या पावलांपुढची जमीन उकरली होती.

बंदूक खाली ठेवून अर्जुनराव साळ्याकडं धावले, त्याच्या छातीला, पोटाला, डोक्याला हात लावून पाहत राहिले. "लागलं नाई ना रे? सांग बाप्पा, लागलं नाई ना?" शेषराव नुसती मान हलवत होता. बायकोला, आशाबाईला, काय तोंड दाखवलं असतं? सासूबाईंना काय सांगितलं असतं, फोटो काढत होतो म्हणून? अर्जुनराव सगळ्या गावासमोर त्याला कवळ्यात घेऊन रडले.

जानराव तापले होते. अर्जुनरावांना जे बोलायचं ते बोलले, आणि ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. मग हिंमतरावांकडं वळले. "दुसऱ्याच्या बंदुकीले हात लावला तुनं. पन आज माहा कायदा गेला चुलीत. घे बंदूक, मार गोळी."

हिंमतरावांनी उजवा हात पुढं केला. नळीच्या तोंडाशी धरलेला तळवा बाराच्या आगीनं भाजून सोलला होता. "या हातानं काय मारू?" ते म्हणाले. बॅटरी त्या वर्षी दुसऱ्याच कोणाच्या घरी गेली.

चार दिवसांनी अर्जुनराव खामगावच्या स्टुडिओत गेले. शेषरावनं मान खाली घालून एक फोटो पुढं केला. बार उडाल्याच्या दचक्यानं त्याचं बोट दाबलं गेलं होतं. जरासा हललेला, पण सगळं दिसत होतं. जमिनीतून उठलेली माती, नळीवर झेपावलेले हिंमतराव, आणि शेजारी डोळे विस्फारून, तोंडाचा आ करून उभे राहिलेले अर्जुनराव. मचाणावर चढतानासुद्धा इतकं येडं तोंड झालं नसेल.

"हा फाडून टाकू भाऊजी," शेषराव म्हणाला. "रिकामी बंदूक घेऊन दुसरा काढतो, झकास. घरी आबाले काई सांगायची गरज नाई."

अर्जुनरावांनी फोटो हातात घेतला. सासऱ्याच्या ओसरीतलं हसणं आत्ताच कानात वाजू लागलं होतं. मग म्हणाले, "मोठा कर याले. फ्रेम बसव."

तिथून ते थेट हिंमतरावांच्या दारात गेले. दिवाळीपासूनचा अबोला त्यांनीच मोडला. "हिंमतभाऊ, माह्यासंगं पिंपळगावले चाल."

"मी कायले?"

"चाल म्हणतो ना!"

पिंपळगावच्या ओसरीत अर्जुनरावांनी स्वतःच्या हातानं फोटो मोतीरामजींपुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. पळस कोणी दाखवला, विचारायला नको कोण म्हणालं, एक शब्द लपवला नाही. "मामाजी, हा आ केलेला मी. आन् हा हिंमतराव. याचा हात नसता तं आज तुमचा शेषराव नसता."

कोणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं फोटो दोन्ही हातांत धरून नीट पाहिला. उठले आणि हिंमतरावांच्या पाया पडायला वाकले, तशी हिंमतरावांनी घाईनं त्यांना धरलं. "काय करता मामाजी, पाप लावता काय मले?"

ताटं वाढली. रांगोळी घातलेला जावयाचा पाट ठरलेला होता. अर्जुनराव त्या पाटाशी गेले, हिंमतरावांचा दंड धरून त्यांना तिथं बसवलं आणि आपण खाली बाजूला बसले. हिंमतराव अवघडले. पुरणपोळी, तूप, कढी, सगळं समोर, आणि उजव्या हाताला हे मोठं बॅन्डेज. डावा हात ताटाला लावावा तर कसा?

इतका वेळ सोजराबाई चुलीपाशी भिंतीला धरून उभ्या होत्या. त्या पुढं आल्या, पाटाशी बसल्या, पुरणपोळीचा तुकडा तोडला, तुपात बुडवला आणि हिंमतरावांच्या तोंडाशी नेला. "खा बाप्पा," म्हणाल्या, आणि तेव्हा कुठं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

शेषरावचा हात सवयीनं कोनाड्यातल्या कॅमेऱ्याकडं गेला. मग थांबला. त्यानं आधी अर्जुनरावांकडं पाहिलं.

"माह्याकडं काय पाह्यतं?" अर्जुनराव डोळे पुसत म्हणाले. "ज्याचा फोटो काढायचा त्याले इचार."

"हिंमतभाऊ, काढू का?"

"थांब," हिंमतराव भरल्या तोंडानं म्हणाले. "आधी मायच्या हातचा घास गिळू दे."