बाबांच्या हातचं केचप

बायको गेल्यापासून बाबा धड जेवले नव्हते. जन्मभर बंदरावर क्रेन चालवलेला हा दणकट माणूस ताटासमोर बसायचा, दोन घास चिवडायचा आणि शेवटी पाव ओढून त्यावर बाटलीतलं केचप थापायचा. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. सुनेने सूप करून पाहिलं, अंडी केली, भाज्या केल्या. सगळं जसंच्या तसं परत यायचं. ती मनातून दुखावली होती.

मग रक्ताचे रिपोर्ट आले. साखर वाढलेली, रक्तदाब चढलेला. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, केचपची बाटली आजपासून बंद."

"मग मलाच बंद करून टाका," बाबा म्हणाले. कुणालाही हसू आलं नाही.

घरी येताच मुलगा बाटल्या फेकायला निघाला. सुनेने त्याचा हात धरला. "अहो, तेवढंच तर पोटात जातंय त्यांच्या. मी घरी करते."

सून चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. हातातलं काम अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तिने लालबुंद टोमॅटो आणले, उकळत्या पाण्यातून काढून सोलले, कांदा-लसूण आणि दालचिनीच्या तुकड्याबरोबर शिजवून गाळले. साखरेऐवजी दोनच भिजवलेल्या खजुरांचा गर घातला, थोडं व्हिनेगर, आणि मीठ अगदी नावाला. पाय भरून येईपर्यंत ती ते मंद आचेवर आटवत राहिली. बशीत टाकलेल्या थेंबाच्या कडेने पाणी सुटेनासं झालं, तेव्हा कुठे तिने गॅस बंद केला.

बाबांनी पावाचा एक घास खाल्ला. उरलेला पाव खाली ठेवला आणि उठून खोलीत गेले.

"नसेल आवडलं. एवढं काय मनाला लावून घेतेस?" नवरा म्हणाला.

"डोळे भरले होते त्यांचे," ती म्हणाली आणि मागोमाग गेली.

बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते.

"बाबा, आंबट झालं का?"

"नाही गं. चांगलं झालंय. तेच तर." त्यांनी पलंगावरची चादर हाताने सारखी केली. "या घरातला प्रत्येक घास तिच्या हातचा होता. आता काहीही तोंडात घातलं की जीभ तिला शोधत बसते. तुझं काही चुकत नाही, पोरी. तुझा हात तुझा. पण त्या बाटलीला कुणाचाच हात नव्हता. ती असताना जशी चव होती, तशीच आजही आहे. ते खाताना वाटायचं, घरात काही घडलेलंच नाही. आणि आज तू त्यालाही हात लावलास."

इतके महिने आपण ताटाकडे बघत राहिलो, या माणसाकडे नाही, या विचाराने सुनेच्या काळजात चर्र झालं. ती शेजारी बसली.

"मग तुम्हीच करा, बाबा. तुमच्या हातची चव तर तुम्हालाही माहीत नाही."

"मी? मला या घरात मीठ कुठे असतं तेही ठाऊक नाही."

"मी दाखवते."

पुढच्या सुट्टीला बाबा शेगडीसमोर उभे राहिले. रस तडतडून शर्टावर उडत होता, तरी ढवळणं थांबत नव्हतं. मध्येच त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"कांदा झोंबतोय."

"बाबा, कांदा मघाशीच शिजला."

तेव्हा त्यांचा बांध फुटला. स्मशानातही न रडलेला तो माणूस डाव हलवत, खांदे गदगदवत, मोठ्याने रडला. सुनेने डाव त्यांच्या हातून काढून घेतला नाही. फडक्याने पातेलं तेवढं घट्ट धरून ठेवलं. मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि तसाच उभा राहिला.

केचप खाली लागलं. मुलाने चाखून सांगितलं, "करपट लागतंय."

"नको खाऊस मग," बाबा म्हणाले आणि आणखी एक पाव घेतला. त्याच्याबरोबर सुनेने केलेलं अंडंही त्यांनी संपवलं.

दुःख काही हटलं नाही. एखाद्या संध्याकाळी ते अजूनही जेवता जेवता थांबायचे आणि कुणी आग्रह करायचं नाही. पण टोमॅटो आणायला आता ते स्वतः जायचे, आणि भाजीवाला कच्चे द्यायला लागला की त्याच्याशी भांडायचे.