एका खांबाची दोन शून्यं

या मित्रांनो, टेका जरा. एक गोष्ट सांगतो. गोड नाही, आधीच सांगून ठेवतो. पण माझ्या अंगावर घडलेली आहे, आणि सांगितल्याशिवाय माझा जीव काही थाऱ्यावर यायचा नाही.

मी एक जुना खांब आहे. नदीच्या मधोमध उभा. त्याआधी मी रेल्वेचा रूळ होतो. वीस वर्षं माझ्या डोक्यावरून मालगाड्या गेल्या, कधी कुरकुर केली नाही. मग मला कापलं, इथं आणलं आणि काँक्रीटच्या चौथऱ्यात रोवलं. या काठाला एक देश, त्या काठाला दुसरा. सरहद्द बरोबर माझ्या पोटातून जाते. दोन्ही देशांनी मोठ्या मनानं ठरवलं होतं, की नदी एक, तर पाणी मोजायचा खांबही एकच. उगाच भांडण नको. तेव्हा माझी छाती कशी फुगली होती म्हणून सांगू.

मग आकडे रंगवायचा दिवस आला. एका अंगावर या देशाचा रंगारी रंगवणार, दुसऱ्या अंगावर त्या देशाचा. होडी तयार होती. पण बंदोबस्ताचे साहेब म्हणाले, दोन देशांची माणसं एका होडीत बसणार नाहीत, सुरक्षेचा प्रश्न आहे. अरे, दोघांकडे मिळून दोन ब्रश आणि दोन डबडी. त्यांनी काय लढाई करायची होती? पण नाही. इकडचा सोमवारी आला. त्यानं काठी बुडवून नदीच्या तळापासून शून्य धरलं. तिकडचा गुरुवारी आला. त्याची काठी चौथऱ्याला टेकली, त्यानं तिथून शून्य धरलं. फरक पडला चाळीस सेंटिमीटरचा. एकमेकांना विचारायला दोघं एकत्र होतेच कुठं?

तेव्हापासून माझी ही गत. पाणी तेच, खांब तोच. इकडून वाचलं की एकशे साठ, तिकडून वाचलं की एकशे वीस.

वाचणारी माणसं मात्र लाखमोलाची होती. या काठावर मोजणीदार काका, एक चप्पल तारेनं बांधलेली. त्या काठावर पंपवाली ताई. तिच्या पंपावर अख्खं गाव पाणी प्यायचं. तिला नियम असा, की सकाळी सातला माझा आकडा वाचून वहीत लिहायचा आणि मगच पंप सुरू करायचा. आकडा नाही तर पंप नाही.

पहिल्याच आठवड्यात दोघांना घोळ कळला होता. नदी इथं अरुंद, शांत सकाळी हाक ऐकू जाते.

"भाऊ, तुमचे किती?"

"दोनशे दहा, ताई."

"म्हणजे माझे एकशे सत्तर. बरोबर. आणि आज दाढी का नाही केली?"

"तुम्हाला दुर्बीण आकडे बघायला दिलीय ना सरकारनं?"

असं रोज. दोघांनी आपापल्या साहेबांना लिहून कळवलं, की शून्य एक करा. साहेब म्हणाले, दोन देशांची बैठक होईल, तिथं ठरेल. बैठका झाल्या, मित्रांनो. सोळा वर्षं झाल्या. एका बैठकीत टेबल कसं लावायचं यावरच दिवस गेला. एकीत कुठला झेंडा आधी, त्यावर जेवणं झाली आणि मंडळी उठली. एकदा सगळे होडीतून, म्हणजे दोन होड्यांतून, मला बघायला आले. फोटो काढले. माझ्याकडे पाठ करून.

तुम्ही म्हणाल, चाळीसचा तर फरक, काकांनी आणि ताईनं वजाबाकी केली की झालं. तेवढ्यावर भागलं असतं. पण वरच्या अंगाला, या काठावर, कापड रंगवायचा कारखाना आला. करारात लिहिलं, की पाणी शंभराच्या खाली गेलं की कारखान्यानं सांडपाणी सोडायचं नाही. कुठल्या अंगावरचे शंभर, ते लिहायचं राहून गेलं. उन्हाळ्यात ताईकडे अठ्ठ्याहत्तर दिसायचे, ती बोंबलायची. कारखान्याचा मॅनेजर इकडून बघायचा, एकशे अठरा, आणि खुशाल नळ सोडायचा. नदी कधी जांभळी, कधी हिरवी. मासे पोट वर करून माझ्या पायाशी यायचे. मला हातपाय असते तर एकेकाला धरून बुचकळला असता.

मासे मेले तसं तिकडच्या लोकांना वाटलं, हे मुद्दाम विष कालवतात. इकडच्यांना वाटलं, ते मुद्दाम आरोप करतात. दोन्ही काठांवर बंदुकवाले येऊन उभे राहिले. आणि एक कागद आला, की नदीच्या पाण्याचा आकडा ही गुप्त बाब आहे. पलीकडे ओरडून सांगायचा नाही, खूण करायची नाही. राजधानीमार्गे जाईल. राजधानीमार्गे जायला नऊ दिवस लागायचे. नदी नऊ मिनिटांत पुढं जाते.

काका आणि ताई नुसते समोरासमोर उभे राहायला लागले. बंदी यायच्या आदल्या दिवशी ताईनं ओरडून एवढंच सांगितलं होतं, "लेक आलीय बाळंतपणाला. नातू झाला हो, भाऊ." त्यावर काकांना काही बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

आणि मग तो बुधवार. सकाळचे सहा वाजून गेले होते. कारखान्याचा वॉचमन सायकल टाकून धावत आला. "काका, गाळाच्या टाकीची भिंत फुटलीय. सगळं नदीत. तासाभरात इथं येईल. मॅनेजर म्हणतो, कुणाला बोलू नका."

काकांनी ऑफिसात फोन लावला. साहेब बैठकीत. कसल्या बैठकीत, तर पुढच्या बैठकीच्या तयारीच्या. काका काठावर गेले, तोंडाला हात लावून हाक मारणार, तोच बंदुकवाल्यानं अडवलं.

"काका, ओरडायचं नाही. माझी नोकरी जाईल."

"सात वाजता ती पंप सुरू करेल रे. तान्हं पोर आहे तिच्या घरात."

त्यानं पलीकडे पंपाच्या खोलीकडे पाहिलं. मग काकांनी विचारलं, "खांबावरचं शेवाळ काढायला मी जाऊ शकतो ना?"

"ते सोमवारी असतं."

"आज बुधवारी गेलो तर?"

बंदुकवाल्यानं खिशातला हुकमाचा कागद उलगडला, उगाच दोनदा वाचला. "यात वार लिहिलेला नाही," म्हणाला, आणि पाठ करून उभा राहिला.

काका होडी वल्हवत आले. होडीत बुडाला लावायचं डांबर होतं. "रूळबुवा, माफ कर," मला म्हणाले. एका हातानं मला मिठी मारली, दुसरा हात वळसा घालून पलीकडे नेला, आणि ताईच्या बाजूचे सगळे आकडे डांबरानं बुजवून टाकले. वरपासून पाण्यापर्यंत.

सातला ताई आली. दुर्बीण लावली. आकडा नाही. पुन्हा लावली. मग तिनं काकांकडे पाहिलं, होडीत बसलेले, कोपरापर्यंत काळे. तिनं नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं. दुर्बीण खाली ठेवली, पंपाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पदराला बांधून दारातच बसली.

पंचवीस मिनिटांनी ते आलं. जाड, काळं, उग्र. माझ्या अंगावरून घसटत गेलं. तिच्या नळात एक थेंब गेला नाही.

आता शाबासकी मिळाली असेल, असं वाटतं ना तुम्हाला? आठ दिवसांत बैठक बसली. सोळा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही देशांचं तासाभरात एकमत झालं, की खांब विद्रूप केला गेला आणि मोजणीदाराचा हात कोपरापर्यंत सरहद्दीपलीकडे गेला. काकांना घरी बसवलं. ताईला जबाब विचारला, तर म्हणाली, "डांबर? मला तर शेवाळ दिसलं." तिचं कुणी लिहून घेतलं नाही. टाकीच्या भिंतीचा विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीत ढकलला.

मग माझं ते अंग पुन्हा रंगवायला रंगारी आला. तिकडचा. एकटाच, वेगळ्या होडीतून. काठी बुडवली, चौथऱ्याला टेकली, शून्य पुन्हा तिथंच. इकडचा रंगारी काठावर उभा राहून बघत होता. त्याला सगळं दिसत होतं. पण त्याला होडीत बसायची परवानगी नव्हती.

मी आता गंजलोय, मित्रांनो. आणखी चारपाच पूर सोसेन, बस. तुमच्यातलं कुणीतरी मोठं होऊन अशा बैठकीत बसेल. बसलात की माझं एक काम करा. भाषण नको, हार नको, फोटो तर अजिबात नको. त्या दोन रंगाऱ्यांना तेवढं एका होडीत बसवा.